अडतीस रिकामे रकाने

सुहासिनीला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती म्हणायची, "घरीच असते." बारा वर्षं हेच उत्तर. समोरचाही "अच्छा, अच्छा" म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळायचा. आता मला सांगा, घरी असणारी बाई नुसती घरीच असते का? पण ते जाऊ दे. सुहासिनीच्या या उत्तरात एक वेगळी लपवाछपवी होती. ती पूर्वी मोबाईलची ॲप बनवायची, आणि चांगली बनवायची. पण हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग सोडलं का?" आणि त्याचं खरं उत्तर तिने नवऱ्यालासुद्धा दिलेलं नव्हतं.

चिखलोलीच्या नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. नवरा श्यामकांत अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑफिसर. सकाळी पावणेआठला डबा घेऊन स्कूटरवर बसला की संध्याकाळी सहाला दिसायचा. मुलगी ऋता गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. जाताना आपला जुना लॅपटॉप आईच्या हातात ठेवून म्हणाली, "आई, तू ॲप करायचीस ना पूर्वी? आता कोटलिन म्हणून ॲप लिहायची नवी भाषा आहे. सगळं एकदम सोप्पं झालंय. दोन महिन्यांत शिकशील बघ."

पोरीने चांगल्या मनाने सांगितलं, पण सुहासिनीला ते 'सोप्पं' चांगलंच झोंबलं. आम्ही काय खस्ता खाल्ल्यात ते तुला काय माहीत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. लॅपटॉप महिनाभर कपाटात, साड्यांच्या घडीखाली पडून राहिला. मग एका मंगळवारी भाजी फोडणीला टाकली, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, आणि हात पुसून तिने तो उघडला. उगाच आपलं, काय म्हणते ही नवी भाषा ते बघू या म्हणून.

खरंच सोपं झालं होतं की हो. एखाद्या बाईची माहिती साठवायची, म्हणजे नाव, गाव, फोन, तर पूर्वी दोन पानं भरून लिहावं लागायचं, आणि त्यातलं पाऊण पान नुसतं तेच तेच. आता एका ओळीत काम. पूर्वी नेट मंद असलं की पडदा गोठून बसायचा, माणूस टिचक्या मारून मारून थकायचा. आता भाषेलाच सांगता येतं, बाई, माहिती येईपर्यंत तू तिची वाट बघ, पण बाकीची कामं थांबवू नकोस. आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे, केलेला बदल लगेच समोर दिसायचा. बटण निळं केलं की निळं, हिरवं केलं की हिरवं. पूर्वी एवढ्याशा बदलासाठी ॲप तपासायचा संगणकातला खोटा मोबाईल नव्याने चालू व्हायला आठ मिनिटं घ्यायचा. घड्याळ लावून आठ.

त्या दिवशी बटण पहिल्यांदा हिरवं झालं, तेव्हा सुहासिनीच्या तोंडून आपसूक निघालं, "अगं जिज्ञासा, बघ ना." आणि ती उजवीकडे वळली. उजवीकडे डायनिंग टेबलची खुर्ची होती, तिच्यावर वाळलेले टॉवेल. सुहासिनी बराच वेळ त्या टॉवेलांकडे बघत बसली, आणि तिकडे भाजी करपली.

ही जिज्ञासा कोण, ते आता सांगायलाच हवं.

लग्नानंतर सुहासिनी अंबरनाथला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तेव्हा जिज्ञासा तिथे प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायची. सुहासिनी मोजकं बोलणारी, तर जिज्ञासा उल्हासनगरच्या गल्लीत वाढलेली, मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवणारी, सिंधी दुकानदाराला त्याच्याच भाषेत गप्प करणारी. दोघींचं कसं जमलं देव जाणे, पण जमलं ते असं, की एकीने डबा उघडला की दुसरी विचारायची नाही, थेट हात घालायची. एक दिवस जिज्ञासा म्हणाली, "सुहास, दुसऱ्याच्या क्लासात कशाला सडायचं? अपना कुछ करते हैं ना."

आणि त्यांनी केलं. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये घनशामसेठ म्हणून जीन्सचे एक व्यापारी होते. त्यांच्या कारखान्यात जीन्स शिवून झाली की शिलाईचे सुटे धागे कापायचं काम बाहेर जायचं. अंबरनाथ, बदलापूरच्या आसपासच्या गावांतल्या बायका घरी बसून ते करायच्या. टेम्पोतून बंडलं जायची, परत यायची, आणि मध्येच एखादं गायब व्हायचं. बत्तीस कमरेचं बंडल कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसायचं, आणि तेवढ्यासाठी सगळा माल अडून बसायचा. तर कुठलं बंडल कुठल्या बाईच्या घरी आहे, हे मोबाईलवर दाखवणारं ॲप या दोघींनी करायला घेतलं. नाव ठेवलं 'धागा'. सेठनी कारखान्यावरचा पोटमाळा वापरायला दिला. खाली मशिनींची घरघर, वर या दोघी आणि एक टेबल.

ॲप लिहायचं ते सुहासिनीने. बायकांची नावं गोळा करायची ती जिज्ञासाने. शेअर रिक्षातून, टेम्पोतून, कधी चालत, ती गावोगाव फिरली आणि दोनशे बारा फॉर्म भरून आणले. संध्याकाळी पोटमाळ्यावर येऊन पाय पसरून बसायची आणि कुठल्या घरी कुणी काय खाऊ घातलं ते सांगायची. आणि सुहासिनी ॲपमधलं काहीही दाखवायला लागली, की तिचा एकच प्रश्न, "आणि नसलं तर?" फोटो दिसतोय ना? आणि फोटो नसला तर? फोन नंबर टाकला, पण बाईकडे फोनच नसला तर? सुहासिनी वैतागायची. म्हणायची, "तू ना, शुभ बोलूच नकोस कधी."

फॉर्मवर एक रकाना होता, नवऱ्याचं नाव. सेठचा आग्रह, पूरा नाम चाहिए, कारण एकेका गावात चार चार कौसाबाई आणि पाच पाच बनूबाई. पण तुम्हाला ठाऊक आहेच, त्या गावांतल्या जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. लग्नाकार्यात उखाण्यात घेईल तेवढंच. कुठे पोराने सांगितलं, कुठे शेजारणीने. पण अडतीस जणी राहिल्या. काही तोंडाला पदर लावून नुसत्या हसल्या. काहींचा नवरा वारला होता. आणि दोघी-तिघींचा सोडून गेला होता, ते त्यांना सांगायचं नव्हतं. जिज्ञासाने ओळखलं आणि पुढे विचारलं नाही. तिने सुहासिनीला स्पष्ट सांगितलं, "हे अडतीस रकाने रिकामे राहतील. परत विचारायला मी जाणार नाही. पण तुझं ॲप काय करेल, रिकामं असलं तर?"

"काही नाही होणार गं," सुहासिनी म्हणाली. तिने आपली, जिज्ञासाची आणि सासूची नावं घालून तपासलं होतं, आणि तिघींचेही रकाने भरलेले होते.

घनशामसेठनी एक दिवस बाजारातले आणखी व्यापारी बोलावले. पंधरा माणसं. खाली कारखान्यात खुर्च्या मांडल्या, जिज्ञासाने जाऊन दाल-पकवान आणलं. सुहासिनीने मोबाईल टीव्हीला जोडला आणि आदल्या रात्रीच भरलेली दोनशे बारा बायकांची यादी पहिल्यांदा उघडायला गेली. यादी उघडेना. त्याऐवजी पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं, दुर्दैवाने 'धागा' बंद पडलं आहे. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. कुणीतरी मागून हसलं. सेठ म्हणाले, "क्या हुआ, मैडम?"

 नेमकं काय झालंय ते सुहासिनीला त्याच क्षणी कळलं होतं. रिकामं नाव हाती आल्यावर काय करायचं, हे तिने ॲपला सांगितलंच नव्हतं. ते बिचारं पहिल्याच रिकाम्या रकान्यावर कोसळत होतं. हे कळलेलं असताना ती वळून म्हणाली, "फॉर्म नीट भरले नाहीयेत. डेटा एंट्रीचा प्रॉब्लेम आहे."

पंधरा माणसांनी जिज्ञासाकडे बघितलं. ती दाल-पकवानची प्लेट कुणाला तरी देत होती. तिने ती देऊन टाकली, ओढणीला हात पुसले, टेबलावरचे सगळे फॉर्म पिशवीत भरले आणि निघून गेली. जी बाई रिक्षावाल्याशी एका रुपयासाठी गल्ली डोक्यावर घ्यायची, ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सुहासिनीने चूक दुरुस्त केली. दीड ओळ लागली. दीड ओळ, बस. तिला वाटलं, आज फोन करू. मग वाटलं, काय तोंडाने करू? उद्या करू. आठवड्याने लाज आणखी वाढली, महिन्याने त्याहून जास्त, आणि अशी गोष्ट जितकी लांबते तितकी जड होत जाते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? सेठनी ॲपचा नाद सोडला. पोटमाळ्यावर पुन्हा कापडाचे तागे आले. मग ऋताची शाळा, सासूचं आजारपण, घर बदलणं. एक तप निघून गेलं आणि सुहासिनी घरीच असणारी बाई झाली.

आता पुन्हा त्या लॅपटॉपकडे येऊ. शिकता शिकता तिसऱ्या आठवड्यात सुहासिनीने ठरवलं, नव्या भाषेत 'धागा'च परत लिहायचं. कुणासाठी? कुणासाठी नाही. हात बसावा म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. तिने बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि नवऱ्याच्या नावाशी येऊन थांबली. या भाषेत एक गंमत होती. प्रत्येक माहितीबद्दल आधीच सांगावं लागायचं, ही असणारच, की कदाचित नसेल? कदाचित नसेल, तर पुढे एक प्रश्नचिन्ह द्यायचं. सुहासिनीने प्रश्नचिन्ह दिलं, आणि खालच्या ओळीत पूर्वीसारखंच दोन्ही नावं जोडून पूर्ण नाव तयार करायला गेली. लगेच त्या ओळीखाली लाल रेघ. भाषा म्हणत होती, हे नाव नसेलही असं तूच सांगितलंस. मग नसलं तर काय करू, ते आधी सांग. उत्तर दिल्याशिवाय ॲप तयारच होईना.

आणि नसलं तर?

 जगातल्या कुठल्या तरी हुशार माणसांनी बसून, विचार करून, हा प्रश्न भाषेतच घालून ठेवला होता, कारण सुहासिनीसारखी माणसं तो विचारायला विसरतात. आणि तिच्याजवळ तर हा प्रश्न विचारणारी जिवंत बाई होती, रोज शेजारी बसणारी, तिच्या डब्यातलं लोणचं पळवणारी. हे सगळं तेव्हाच असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिची तिलाच चीड आली. तेव्हा काय नव्हतं? प्रश्न तर होताच. ती भर दुपारी डायनिंग टेबलवर डोकं ठेवून रडली. तिला कोटलिन नको होती, ॲप नको होतं, तिला जिज्ञासा हवी होती. इतकं साधं होतं ते, आणि इतक्या वर्षांत तिने ते एकदाही स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

ॲप तर पुरं झालं. आता रिकाम्या रकान्यावर ते कोसळत नव्हतं, पण खऱ्या माणसावर तपासल्याशिवाय खरं कसं म्हणणार? सोसायटीच्या गेटपाशी एक म्हातारी भाजी घेऊन बसायची. शेजारच्या गावातली, शेतकऱ्याघरची. तिच्या मळ्यातली मेथी संपत आली की ती हात आखडून अर्धीच जुडी द्यायची आणि वर "घे गं, चांगली हाय" म्हणायची. सुहासिनी मोबाईल घेऊन तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आजी, नाव सांगा तुमचं."

"कौसाबाई."

"आणि नवऱ्याचं?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवून हसली. सत्तरी गाठलेली बाई, नव्या नवरीसारखी लाजली. सुहासिनीने रकाना तसाच ठेवला आणि बटण दाबलं. यादी उघडली. वर स्वच्छ अक्षरांत 'कौसाबाई', आणि पुढे काही नाही. काही बंद पडलं नाही.

"पयलं पन एक ताय आलती असंच इचारायला," कौसाबाई म्हणाली. "कॅम्पातली. मी नाय सांगितलं, तर म्हनली, राहू दे आजी, नगं सांगू. लय गुनाची. आता तिचं सोताचं काम हाय. माझ्या दोन्ही सुना तिच्याकडंच जातात धागं कापाया."

सुहासिनीचा हात मेथीच्या जुडीवर होता तो तिथेच राहिला. "कुठे आहे ते?" तिने विचारलं. कौसाबाईने सांगितलं, कॅम्प तीन, मशिनींच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या मागे, निळं शटर, पहिला मजला. सुहासिनीने जुडी पिशवीत टाकली, घरी आली, आणि दोन दिवस काही केलं नाही. श्यामकांतने विचारलं, बरं नाही का? तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, बारा वर्षांचं, पहिल्यापासून. श्यामकांत म्हणजे मोजून बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग जा ना. उद्याच जा."

कॅम्प तीनचा बाजार तसाच होता, फक्त जास्त दाटलेला. हातगाड्यांवर जीन्सचे ढीग, ढिगांवर उभी राहून भाव ओरडणारी माणसं. निळ्या शटरच्या बाजूने लोखंडी जिना वर गेला. वर एक लांब खोली, चौदा-पंधरा बायका मांडी घालून बसलेल्या, प्रत्येकीच्या बोटात छोटा कटर, समोर जीन्स. टोकाला दोन इस्त्र्या वाफ सोडत होत्या. आणि मोठ्या पंख्याखाली, कानाला फोन लावून हिंदीत कुणाची तरी खरडपट्टी काढत, जिज्ञासा. केस अर्धे पांढरे, शरीर सुटलेलं, डोळ्यावर चष्मा. पण उभं राहायची तीच ढब, एक हात कमरेवर.

तिने फोन ठेवला. सुहासिनीला बघितलं. ओळखलं तर लगेच, पण चेहऱ्यावर काही आलं नाही.

"ये," ती म्हणाली. "बस. चहा घेणार?"

बाजूला पडदा लावलेली एक खोपटी होती, त्यात गॅस आणि दोन स्टुलं. जिज्ञासाने चहा ठेवला. ऋता कशी आहे विचारलं, श्यामकांतराव कसे आहेत विचारलं. सगळं नीट, जसं एखाद्या लांबच्या पाहुणीला विचारतात. सुहासिनीला ते ऐकवेना. तिने मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि भराभर बोलायला लागली, की ही नवी भाषा, हे प्रश्नचिन्ह, ही कौसाबाई, बघ रिकामं असलं तरी चालतं. आणि मग मोबाईल खाली ठेवला. "चूक माझी होती, जिज्ञासा. त्या दिवशीच मला माहीत होतं. फॉर्म बरोबर होते. तू सांगितलं होतंस."

जिज्ञासाने चहा गाळला. कप पुढे ठेवला. "मला काय माहीत नव्हतं का, चूक कुणाची ते?" ती म्हणाली. "तेव्हा पंधरा माणसांसमोर बोललीस. आता पडद्यामागे, मला एकटीला सांगतेस होय?"

सुहासिनी उठली, पडदा बाजूला केला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. जिज्ञासाने मागून येऊन पंख्याचं आणि इस्त्र्यांचं बटण बंद केलं. खोलीत एकदम शांतता झाली आणि पंधरा चेहरे वर झाले.

"माझं नाव सुहासिनी," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी मी आणि तुमच्या या ताईंनी मिळून एक काम केलं होतं. ते चारचौघांत बंद पडलं. चूक माझी होती, आणि मी सगळ्यांसमोर ती यांच्यावर ढकलली. यांनी फॉर्म अगदी बरोबर भरले होते. मी खोटं बोलले."

त्यातल्या अर्ध्या जणी तेव्हा शाळेत असतील. त्यांना कसले फॉर्म, कसलं काम, काही कळेना. एकीने शेजारणीच्या कानात काहीतरी विचारलं. कोपऱ्यातली एक मोठी बाई, बहुधा कौसाबाईची सून, तिने कटर खाली ठेवला आणि म्हणाली, "आमाला म्हाईत हाय ते. ताय कधी चुकीचं लिवत नाय."

जिज्ञासा भिंतीकडे तोंड करून उभी होती. चष्मा काढून तिने ओढणीने पुसला, बराच वेळ पुसला. मग बटण चालू केलं. "चला गं," ती म्हणाली, "संध्याकाळी माल द्यायचाय."

जिना उतरून ती सुहासिनीबरोबर खाली आली. शेअर रिक्षाच्या स्टँडजवळ सुहासिनीने धीर केला. "परत करू या का आपण? हे ॲप? तुझ्याच कामाला उपयोगी पडेल. तू बायकांकडून माहिती घे, मी लिहिते. पूर्वीसारखं."

जिज्ञासाने मान हलवली. रागाने नाही. "नाही जमणार, सुहास. पूर्वीसारखं म्हणजे कसं? ती पोरगी दिवसभर उन्हात फिरायची आणि संध्याकाळी तुझ्या समोर पाय पसरून बसायची. तुला ती पाहिजे. मलापण पाहिजे. पण कुठून आणू तिला?"

सुहासिनी रिक्षात बसली. आत आधी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कडेची सीट रिकामी. रिक्षावाला "एक सीट, स्टेशन, एक सीट" असा पुकारा करत राहिला. कुणी येईना. जिज्ञासा फुटपाथवर तशीच उभी होती. मग काय वाटलं कोण जाणे, वाकून आत शिरली आणि शेजारी बसली. "चल भैया, हो गई तेरी सीट," ती म्हणाली.

स्टेशनपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. दोघींचे खांदे एकमेकींना टेकले होते, कारण त्या रिक्षात दुसरी सोयच नसते. गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा जिज्ञासा समोर बघतच म्हणाली, "त्या दिवशी घरी गेले ना, तर भाकऱ्या थापताना फोन मांडीवर ठेवला होता. म्हटलं सातपर्यंत करेल. मग म्हटलं आठ. शिव्या कशा द्यायच्या ते ठरवून ठेवलं होतं मी, आणि मग कसं माफ करायचं तेपण. तू केलाच नाहीस." सुहासिनीने तिचा हात धरला. जिज्ञासाने तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

स्टेशनला उतरल्यावर जिज्ञासा परतीच्या रिक्षाकडे वळली. सुहासिनीला वाटलं, आता ही गेली की परत बारा वर्षं. तिने मोबाईल पुढे केला. "तुझा नंबर टाक ना यात. नवा."

"नवा कुठला?" जिज्ञासा म्हणाली. "तोच आहे. फुकटची सिमकार्डं आली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी नवे नंबर घेतले. मी नाही घेतला. कंपनी बदलली, नंबर तोच ठेवला. पोरं हसायची मला." ती रिक्षात बसली, ओढणी आत ओढून घेतली. "म्हटलं, तू केलास आणि लागला नाही तर?"